लाल ओढणीतला भोपळा

अश्फाक वाईट माणूस नाही, असं मिरजेत सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. अश्फाक नुसता पोकळ आहे, आणि सगळा जन्म भोपळे कोरण्यात गेल्यामुळे पोकळ असण्यात काही कमीपणा आहे असं त्याला वाटतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही कोण बाई एका कारागिराच्या नावानं बोटं मोडत बसलीय? मी माधवनगरला मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते. निवृत्त झाले, तरी मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत अजून सगळे मला 'बाई' म्हणूनच हाक मारतात. त्या गल्लीत माझं जाणंयेणं अश्फाकच्या वडिलांपासूनचं, अजमलचाचांपासूनचं. शाळेचे तानपुरे दुरुस्तीला त्यांच्याकडेच जायचे. माझा स्वतःचा तानपुराही त्यांच्याच हातचा, आणि तो अजून असा बोलतो की घरात भांडण चालू असेल तर थांबतं.

चाचा फार गोड माणूस होते असंही नाही. गिऱ्हाईक जास्त बोललं की ते सरळ उठून नमाजाला जायचे, नमाजाची वेळ असो वा नसो. पण जवारी काढावी तर त्यांनीच. तार ज्या घोडीवर टेकते ती कानशीनं जराजराशी घासत न्यायची, मधूनच तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि तार छेडली की सूर नुसता ठण्ण न वाजता हळूहळू उमलत गेला पाहिजे. याला जवारी म्हणतात. चाचा जवारी काढत असताना दुकानात कुणी खोकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

अश्फाकचाही हात चांगला होता. हे मुद्दाम सांगते, कारण तो नसता तर मी त्याच्यावर एवढी चिडलेच नसते. पोरवयात त्यानं काढलेली जवारी चाचांनी दोनदा ऐकली होती आणि काही न बोलता पुढचं काम त्याच्याकडे सरकवलं होतं. चाचांच्या शब्दकोशात याहून मोठं कौतुक नव्हतं. तो हात पुढे काय करायला लागला, तर परदेशी गिऱ्हाइकांच्या सतारीवर प्लास्टिकचे मोर चिकटवायला.

सगळं बिघडलं ते एका चित्रापासून. साठ वर्षांपूर्वी विलायतेतल्या केसाळ पोरांना आपल्या सतारीचं वेड लागलं, हे तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या गाण्यात सतार आली, मग मागोमाग मंत्र आले, गुरू आले, डोळे मिटून मांडी घालणं आलं. त्यातल्या एकदोघांनी खरोखर बसून रियाज केला म्हणतात, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांचं मी ऐकलंय. कॉलेजात असताना आमच्या एका प्राध्यापकांनी मोठ्या कौतुकानं तशी एक तबकडी लावली होती. पानात लोणचं वाढावं तेवढी सतार होती. मला हसू आलं, आणि त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं.

तर अशाच एका मांडीवर सतार घेतलेल्या गोऱ्या पोराचं चित्र अश्फाकनं कुठल्याशा मासिकातून कापून दुकानात लावलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "ही सतार माज्या आज्यानं केलेली." चाचा तेव्हा हयात होते. ते कोपऱ्यातून न बघता म्हणायचे, "माज्या बापानं जन्मात सतार केली न्हाई. तानपुरं केलं फकस्त." गिऱ्हाईक मराठी जाणणारं असलं तर हसायचं. चाचा वारले आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर लगेच त्या चित्राला सोनेरी चौकट बसली. चाचांचा स्वतःचा फोटो अजून तसाच, कोपरा दुमडलेला, टाचणीला लटकतोय.

आता भोपळ्याचं सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे.

तानपुऱ्याचे भोपळे भीमेच्या काठच्या मळ्यांतून येतात. कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. वेलावरच वाळू द्यायचे, मग माळ्यावर टांगून वर्षानुवर्षं ठेवायचे. जितका मुरेल तितका चांगला. त्या घरात एक पद्धत होती. घरच्या माणसासाठी भोपळा निवडला, की तो घरातल्याच कपड्यात बांधून दुकानाच्या आढ्याला लटकवायचा. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, गिऱ्हाईक राजा असला तरी. चाचांच्या हयातीत असा भोपळा मी एकच पाहिला. अश्फाकची मुलगी अर्फा दुसरीत असताना शाळेत शिकलेली प्रार्थना घरी म्हणत होती. चाचांनी ती ऐकली. त्या वर्षी माल आला तेव्हा त्यांनी सगळी गाडी उतरवून घेतली, एकेक भोपळा बोटांनी वाजवून पाहिला आणि एक बाजूला काढला. फार मोठा नाही. बाईच्या आवाजाला जनानी तानपुरा लागतो, तो लहान असतो, पुरुषांच्या खर्जाला त्याचा उपयोग नाही. नूरजहांचाचींची लग्नातली लाल ओढणी मागून घेतली, त्यात तो भोपळा बांधला आणि आढ्याला टांगला. चाची तेव्हा वारलेल्या होत्या. ओढणी देताना सून सुमैरा जरा कुरकुरली, तर म्हणाले, "नातीला आजी पायजेच की जवळ."

पुढे अर्फा माझ्याकडे शिकायला लागली. सायकलवरून माधवनगरला यायची, पावसाळ्यात भिजून यायची, कधी आली नाही असं झालं नाही. मुलगी तोंडानं कमी बोलते. आवाज मात्र असा की, मी शिकवता शिकवता थांबते आणि तिला कळू नये म्हणून चष्मा पुसते. दर्ग्याच्या उरुसात गाण्याची सभा होते, तिच्यात नव्या मुलामुलींना सकाळची वेळ देतात. गेल्या वर्षी अर्फाला बोलावणं आलं. वाद्यं करणाऱ्या त्या घरातून गायला कुणी आजवर त्या सभेत बसलं नव्हतं. गवयांचे तानपुरे खांद्यावरून तिथं पोचवायचे आणि मागं चपलांपाशी उभं राहून ऐकायचं, एवढाच त्यांचा मान. अर्फा पहिली.

तिनं वडिलांकडे एकच मागितलं. आजोबांना ती 'दादा' म्हणायची. "अब्बा, दादांनी बांधलेला भोपळा आता उतरवा."

अश्फाकनं छातीवर हात मारून कबूल केलं. दांडीसाठी तूनचं लाकूड काढून ठेवलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मला तर फोन करून सांगितलं, "बाई, लय जीव लावून करनार हाय. अब्बांचं नाव राखनार." मी मूर्ख, मला बरं वाटलं.

आणि मग धैर्यशील आला.

हा मूळचा कोरेगावचा. वडिलांचा भरपूर ऊस, चुलते फौजेतून निवृत्त, घरात कशाची ददात नाही. हा परदेशी जाऊन आला आणि परत येताना शांती घेऊन आला. खंडाळ्याजवळ डोंगराच्या पायथ्याला त्यानं ध्यानकेंद्र काढलंय. तिथं पोहण्याचा तलाव आहे, घंटा आहे, आणि सकाळी उठून मौन पाळायला विलायतेहून लोक येतात. मौन आमच्या सुमैरानं आयुष्यभर पाळलंय, तिला कुणी बघायला आलं नाही. धैर्यशील या लोकांना 'साधक' म्हणतो. त्यातले बरेचसे गाणी करणारे असतात. गाणी चालेनाशी झाली, की त्यांना आत्मा आठवतो.

त्या दिवशी मी दुकानातच होते, अर्फाच्या दांडीचं माप ठरवायला गेले होते. धैर्यशील एका गोऱ्या गायकाला घेऊन आला. टोबी त्याचं नाव. दोन पोरं कॅमेरे घेऊन मागं. टोबीचं तिकडे एक गाणं खूप गाजलं होतं आणि आता तो 'आतलं' गाणं करणार होता, असं धैर्यशीलनं सांगितलं. गळ्यात रुद्राक्ष, अंगात ॐ छापलेला झब्बा, मनगटाला दर्ग्याबाहेर मिळतो तसा धागा आणि पायात अनवाणीपणा. मिरजेच्या गल्लीत अनवाणी! त्याच्या पायाला डिंक आणि भुसा चिकटला होता, तो त्याला फार पवित्र वाटत असावा, कारण कॅमेऱ्यानं तो जवळून घेतला.

टोबीनं डोळे मिटले आणि सगळ्यांना गप्प बसवलं. मग काहीतरी बोलला. धैर्यशीलनं सांगितलं, "तो म्हणतोय, या जागेत कुठलं वाद्य त्याला बोलावतंय ते ऐकू या."

वाद्यांनी काही बोलावलं नाही. त्याची नजर आपोआप आढ्याकडे गेली, कारण सगळ्या दुकानात लाल रंगाचं तेवढंच होतं.

"हे काय आहे?" धैर्यशीलनं विचारलं.

अर्फा नेमकी तेव्हा चहा घेऊन आत आली. अश्फाकची नजर एकदा पोरीकडे गेली. मी पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, कारण तिच्यात सगळं होतं. त्याला आठवत होतं, कळत होतं, आणि तरी तो हिशेब करत होता. मग तो वर बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यो माज्या अब्बांनी बांधून ठेवलाय. मरताना म्हनलं, दूर देशातनं एक साधू मानूस येईल. त्योवर ह्येला हात लावू नगं."

धैर्यशीलनं भाषांतर केलं. टोबीच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेऱ्याची पोरं सरसावून पुढे झाली. अर्फानं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ती न थांबता निघून गेली.

मी म्हटलं, "अश्फाक, काय बोलतोयस?"

"बाई, जरा थांबा की," तो कुजबुजला. "आवं, लय मोठी पार्टी हाय."

त्यानंतर जे झालं ते ऐकवत नाही. टोबीला तत्त्वज्ञान हवं होतं, आणि अश्फाक पाची वक्तची नमाज पढणारा माणूस, त्याला चक्रं सांगायला बसला. शरीरात चक्रं सात, असं धैर्यशीलकडून ऐकलेलं. तानपुऱ्याला तारा चार. टोबीनं विचारलं, मग चारच का? याला साधं उत्तर आहे, की चारात भागतं. अश्फाक म्हणाला, "सात करू की. पूर्वी सातच असायच्या." मी उठून बाहेर आले. चाचा असते तर नमाजाला गेले असते. मी पलीकडच्या टपरीवर चहा प्याले.

टोबी गेल्यावर मी परत आत शिरले आणि त्याला सोडलं नाही. शाळेत मुलींना रागावताना जो आवाज लावायची तोच लावला. म्हटलं, तो भोपळा जनानी तानपुऱ्याचा आहे, त्या माणसाचा आवाज घोगरा, त्याच्या खर्जाला तो पुरणार नाही हे तुला माहीत आहे. दांडीला सात भोकं पाडलीस तर ती ताण धरणार नाही हेही तुला माहीत आहे. आणि तो अर्फाचा आहे हे तर गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

"त्येला कुठं कळतंय, बाई?"

"तुला कळतंय ना?"

त्यानं हातातली कानस खाली ठेवली. मग जे बोलला ते, खरं सांगायचं तर, मूर्खपणाचं नव्हतं. म्हणूनच त्याचा जास्त संताप आला. "अर्फाला म्या दुसरा करतो. भोपळं काय कमी हायत? पर हे बघा बाई, ह्यो सायबाच्या गान्यात वाजनार. दुनिया ऐकनार. अब्बांनी जन्मभर तानपुरं केलं, कुनी नाव घेतलं? गवयाचं नाव झालं. आन् अर्फाचं गानं तिथं किती जन ऐकनार? दर्ग्यातली शंभर मानसं. त्यातली निम्मी तबरुकाच्या परसादासाठी आलेली."

"त्या शंभरांत तू असशील की नाही?" मी विचारलं.

त्यानं आरी पुसायला घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं ओढणी सोडून खुंटीला अडकवली आणि भोपळा कापला.

अर्फानं आकांत केला नाही. मला वाटत होतं तिनं करावा. ती रियाजाला आली, नेहमीसारखी बसली, माझ्या तानपुऱ्यावर षड्ज लावला आणि गायला सुरुवात केली. मध्येच तिनं विचारलं, "बाई, दादांनी तो भोपळा कशावरून निवडला असंल?" मी म्हटलं, तुझ्या आवाजावरून. ती म्हणाली, "तवा तर मला आवाजच नव्हता." आणि पुन्हा गायला लागली.

टोबीचा तानपुरा झाला. मी तो पाहिला, नाइलाजानं. सात खुंट्यांमुळे त्याचं डोकं काट्याकुट्यांनी भरल्यासारखं दिसत होतं. वर ॐ, खाली कमळ, मध्ये मोर, आणि प्रत्येक तारेला वेगवेगळ्या रंगाचा मणी, चक्राप्रमाणे. अश्फाकनं त्याला जवारी काढलीच नव्हती. "त्यांना अशीच आवडती," म्हणाला. त्या सगळ्या गडबडीत अर्फाचा 'दुसरा' तानपुरा राहिला. नुकताच आलेला, पुरता न मुरलेला भोपळा, त्याच्या तोंडावर लाकडाची तबली बसवलेली, दांडीचा पत्ता नाही. उरूस जवळ आला तसा तो त्याच्यावर गोणपाट टाकून ठेवायला लागला, म्हणजे दिसायला नको.

गाणं आलं ते उरुसाच्या आदल्या आठवड्यात. धैर्यशील स्वतः आला, पेढे घेऊन. अश्फाकनं गल्ली गोळा केली, फोनला स्पीकर जोडला, मलाही बोलावणं पाठवलं. मी गेले. एखाद्याची फजिती बघायला जाणं चांगलं नाही, पण मी गेले.

गाण्याचा अर्थ धैर्यशीलनं आधीच समजावून सांगितला. मी कुणी नाही, माझा 'मी' विरघळला, मी सागरातला थेंब, वगैरे. आणि पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टोबीचा चेहरा. थेंबानं कॅमेऱ्याला सागराकडे फिरकू दिलं नाही. खाली ढोल धपधपतोय, मध्ये कुणी बाई 'शांती, शांती' म्हणतेय, आणि मागे तानपुऱ्याचं गुंजन चाललेलं, अगदी साफ, न थकता, न हलता. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग चित्रात एक मोठी खोली आली, पांढऱ्या गाद्या, मेणबत्त्या, आणि कोपऱ्यात तो सात खुंट्यांचा तानपुरा. भोपळ्याच्या पाठीला पानांच्या आकाराची भोकं पाडलेली. आत पिवळा दिवा. भिंतीवर त्या पानांच्या सावल्या पडल्या होत्या.

चाचांच्या घरातला सगळ्यात मुरलेला भोपळा तिकडे दिव्याची टोपी झाला होता.

"सूर आमच्या अश्फाकच्याच वाद्याचा न्हवं?" शेजारच्या दुकानातल्या शमशेरनं विचारलं. म्हातारा आहे, त्यानं सरळ मनानं विचारलं.

"नाही नाही," धैर्यशील हसत म्हणाला. "तो स्टुडिओत सुरात राहीना. मग त्यांनी फोनवरचा तानपुरा लावला, ते सोपं पडतं. पण अश्फाकभाई, दिसतोय किती सुंदर बघा! ती ऊर्जा येते ना पडद्यावर."

मी अश्फाककडे पाहिलं. आता तरी, मला वाटलं, आता तरी याचं तोंड उतरेल. तो पुढे वाकला, पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "लाइट मातुर लय भारी टाकलाय." आणि पेढा खाल्ला.

मागं दाराशी अर्फा उभी होती. ती पुढे आली, धैर्यशीलला म्हणाली, "कुठला तानपुरा, फोनवरचा? दावता का?" त्यानं कौतुकानं दाखवला. तिनं नाव नीट वाचून घेतलं, मान हलवली आणि आत गेली.

उरुसाच्या सभेसाठी मी माझा तानपुरा गवसणीत घालून आदल्या दिवशीच तिच्या घरी नेला. चाचांच्याच हातचा, म्हटलं, तुझ्या आजोबांचाच. तिनं त्याला हात लावून नमस्कार केला आणि मला परत दिला. "न्हाई बाई. ह्यो तुमच्यासाठी केलेला. माजा तिकडं जळतोय."

सकाळी सभेला गल्ली झाडून आली होती. अश्फाक पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा झब्बा, अत्तर, दोन्ही बाजूंना ओळखीचे लोक, सगळ्यांना 'आपली पोरगी' म्हणून सांगणं चाललेलं. आपण उभं राहायचो ती चपलांची जागा मागं आहे, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. अर्फा आली, बसली. तबलेवाला बसला, पेटीवाला बसला. मागं तानपुरा धरायला कुणी बसलंच नाही. तिनं पिशवीतून फोन काढला, समोर रुमाल अंथरून त्याच्यावर ठेवला आणि बोटानं दाबला. गुंजन सुरू झालं. अगदी साफ, न थकता, न हलता.

सभेत कुजबुज उठली. वाद्यं करणाऱ्यांच्या मिरजेत, वाद्यं करणाऱ्याची पोरगी, आणि समोर फोन! पहिल्या रांगेत शमशेरनं अश्फाककडे वळून पाहिलं आणि परत पुढे तोंड केलं. अश्फाकची मान खाली गेली ती वर आली नाही. अर्फा गायली. तोडी गायली. मी तिच्या गाण्याविषयी इथं लिहिणार नाही, कारण या लिखाणात ते शोभणार नाही. एवढंच सांगते, त्या मेलेल्या आवाजाच्या वर तिनं जिवंत षड्ज लावला आणि सभा गप्प झाली.

संपल्यावर अश्फाकनं तिला गाठलं. "ह्ये काय केलंस? चार मानसांत माजी लाज काढलीस?"

अर्फा फोन पिशवीत ठेवत होती. "सायबाच्या गान्यात जो वाजतोय, त्योच लावला, अब्बा. तुमी सगळ्या गल्लीला बलवून ऐकवला. मला वाटलं, तुमाला आवडंल."

असं बोलणं त्या पोरीच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं. अश्फाक वळला आणि चपला शोधायला गेला. मला त्या वेळी त्याची थोडी कीव आली होती, हे कबूल करते. म्हटलं, लागलं वाटतं याला. लागलं असेल तर माणूस अजून शिल्लक आहे.

त्याच आशेनं मी काही दिवसांनी दुकानात गेले. आत शिरले आणि माझं लक्ष आढ्याकडे गेलं. त्याच जागी, त्याच दोरीला, लाल ओढणीत बांधलेला भोपळा लटकत होता. अर्फा कोपऱ्यात तारांची वेटोळी लावत बसली होती, सुमैरा दाराशी लसूण सोलत होती. मला वाटलं, झालं, उशिरा का होईना, या माणसानं पोरीसाठी भोपळा बांधला. मी चष्मा काढला.

"अर्फासाठी बांधलास?" मी विचारलं. आवाज इतका मऊ लावला की माझा मलाच ओळखू येईना.

अश्फाक मोराला गोंद लावत होता. "न्हाई वं, बाई. धैर्यशील सायब पुढच्या म्हयन्यात आनखी एक पार्टी आननार हायत. जोडपं हाय, दोघंबी गानी करत्यात. त्यांनी टोबीचा पिक्चर बगितलाय. त्यांना बी अब्बांनी राखून ठेवल्यालाच पायजे."

अर्फानं तार खाली ठेवली. स्टूल ओढून घेतलं, त्याच्यावर चढली आणि ओढणीची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती, तिनं दातानं सोडवली. भोपळा काढून तिनं वडिलांच्या पुढ्यात ठेवला, कच्चा, हिरवट, देठाशी अजून ओला. ओढणी झटकली, आजीच्या हाताची घडी जशी असेल तशी घातली, आणि पिशवीत ठेवली.

"अगं, त्येच्याबिगर पार्टीला काय दावू म्या?" अश्फाक ओरडला.

"भोपळा दावा," अर्फा म्हणाली. "ओढनी माजी हाय."

ती बाहेर पडली. मी तिच्यामागून निघाले. सुमैरानं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता, तो त्या भोपळ्याकडे बघत होता. आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"सुमैरा, घरात आनखी येखादं जुनं लाल फडकं हाय का गं?"